हात की पेटी

मंगळवार होता. नववी ‘ब’ची घटक चाचणी चालू होती आणि मी वर्गात फेऱ्या मारत होतो. खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा व्हरांड्यात येऊन घेतला. दौलत होता. एरवी दौलत फोनवर आधी दोन मिनिटं हवापाणी विचारतो. त्या दिवशी म्हणाला, “सर, भास्कर गेला. सकाळी आंघोळीला गेला अन् तिथंच. डॉक्टर म्हणले, हार्ट.”

मी “बरं” म्हणालो. पेपर सुटायला वीस मिनिटं होती. मी परत वर्गात गेलो, वीस मिनिटं फेऱ्या मारल्या, एका मुलाने पुरवणी मागितली ती त्याला दिली, पेपर गोळा केले, गठ्ठा बांधून सही केली आणि मग रिक्षाने नाशिकरोडला गेलो.

भास्कर पाटबंधारे खात्यात कारकून होता. पण त्याला ओळखणाऱ्या बहुतेकांना तो कुठल्या खात्यात आहे हे माहीत नव्हतं. ते त्याला पेटीमुळे ओळखत. जयंतीच्या गायन पार्ट्यांपासून गंगापूर रोडवरच्या गझलेच्या मैफलीपर्यंत, साथीला पेटी म्हटलं की भास्कर. त्याच्या पेटीचा आवाज वेगळा होता. कसा वेगळा, ते लिहून सांगता येणार नाही. सांगता आलं असतं तर आम्ही पंचवीस वर्षं त्यावर भांडलो नसतो.

भांडण एकच. तो आवाज हाताचा की पेटीचा?

भांडणाची जागाही एकच. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत शंकर मिस्त्रींचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे. दर रविवारी सकाळी आम्ही तिथे जमायचो. मिस्त्री वयाने मोठे, म्हणून त्यांना खुर्ची. विजयचं मेडिकल स्टोअर आहे, आणि आम्हा सगळ्यांच्या मिळून जेवढ्या पेट्या तेवढ्या एकट्या त्याच्याकडे. दौलत बस डेपोत मेकॅनिक, मूळचा नांदगावचा, ढोलकी आणि तबला वाजवतो. मग भास्कर. आणि मी. मी शाळेत मराठी शिकवतो आणि पेटी वाजवतो, या क्रमाने.

या भांडणाचे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. मिस्त्रींच्या दुकानात करवतीखाली भुसा साठतो तसे ते साठतात, आणि कुणी झाडत नाही म्हणून राहतात.

ते आज लिहून काढायचं कारण वेगळं आहे. भास्करच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांगले, तेव्हा त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, आम्हा चौघांना आतल्या खोलीत बोलावलं. वहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. बोलतात कमी, आणि वाक्य पूर्ण करतात. कोपऱ्यात भास्करची पेटी होती, तिच्यावर निळी खोळ.

“या महिनाअखेर मी रिटायर होतेय,” वहिनी म्हणाल्या. “मग मुलीकडे पुण्याला जाईन. घर बंद राहील. वाजवली नाही तर पेटी बसते, असं तेच सांगायचे. तुमच्यापैकी एकाने ती न्या.”

“कुणी न्यायची?” विजयने विचारलं.

“ज्याच्या हातात ती त्यांच्यासारखी वाजेल, त्याने.”

जिना उतरताना दौलत म्हणाला, “म्हणजे हाताचं का पेटीचं, ते आता ठरवावंच लागतंय.”

कुणी हसलं नाही. मला ती पेटी हवी होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

*

ती पेटी मिस्त्रींनीच बनवलेली. एका वर्षी त्यांनी एकाच सागाच्या फळ्यांतून, एकाच खोक्यातून आलेल्या सुरांच्या, म्हणजे आतल्या पितळी जिभांच्या, चार पेट्या बनवल्या. एक त्र्यंबकेश्वरच्या भजनी मंडळाने नेली. एक एका शाळेत गेली. एक एका डॉक्टरांनी मुलीसाठी घेतली. तिच्यावर आता मनी प्लांट आहे. चौथी भास्करची.

पुढे भास्करचं नाव झालं तसे लोक दुकानात यायला लागले. “मिस्त्री, भास्करची आहे तशी बनवून द्या.”

मिस्त्री आधी समजावून सांगायचे. नंतर कंटाळले. एकदा सिन्नरहून एक गृहस्थ आले होते, फारच मागे लागले. मिस्त्री म्हणाले, “अहो, तशा मी चार बनवल्या. तीन नुसत्या बोंबलतात. मी पेटी बनवतो, भास्कर नाही बनवत.”

गृहस्थ जरा विचारात पडले. म्हणाले, “मग भास्करांचा पत्ता द्या.”

ते खरंच नाशिकरोडला गेले. भास्करने त्यांना बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात. माझं काही नाही त्यात. सगळं पेटीचं आहे. पंचवटीत शंकर मिस्त्री म्हणून आहेत, त्यांना भेटा.”

गृहस्थ तिथून उठले ते थेट एका दुकानात गेले आणि कॅसिओ घेऊन सिन्नरला परतले.

*

विजयचा एक किस्सा सांगायचा तर दुसरा सांगावाच लागतो.

विजयने कोलकात्याहून स्केल चेंजर पेटी मागवली. पट्ट्यांची सगळी चौकट सरकवून गाण्याची पट्टी बदलता येते, अशी. ती आली तेव्हा गादीत गुंडाळलेली होती. विजयने ती दुकानात आणली, आणि मिस्त्रींना हात लावू न देता आधी भास्करपुढे ठेवली.

भास्करने दहा मिनिटं वाजवली. आवाज हुबेहूब भास्करचा.

विजय आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाला, “आता बोला. आहे की नाही वस्तू?”

मग त्याने स्वतः वाजवली. दहा मिनिटं. आवाज हुबेहूब विजयचा.

दौलतने एकदा पेटीकडे आणि एकदा विजयकडे पाहिलं. मग म्हणाला, “पेटी बदलली राव. इजय तेवढा ऱ्हायला.”

विजय मनाला लावून घेणारा नाही. त्याचं निदान तयार होतं: नाशिकची हवा. कोलकात्याचं लाकूड, इथल्या पावसाळ्यात ओल धरतं, म्हणून सूर दबतो. आणि इलाज त्याच्या दुकानातच होता. औषधांच्या डब्यांतून ओल शोषायला पांढऱ्या पुड्या येतात ना, त्या त्याने महिनाभर साठवल्या आणि पेटीचं झाकण उघडून आत पसरल्या. पन्नासेक असतील. आम्हाला सांगितलं नाही. निकाल लागल्यावर सांगणार होता.

निकाल भर कार्यक्रमात लागला. गायिकेने आलाप सुरू केला, विजयने भाता मारला, आणि आत एक पुडी फुटली. मग दुसरी. प्रत्येक भात्याबरोबर आतून मोहरी चाळल्यासारखा आवाज. गायिकेने दोनदा मागे वळून पाहिलं. तबल्यावर दौलत होता. त्याने तो आवाज लयीत धरला आणि पूर्ण गझल निभावून नेली.

मध्यंतरात संयोजक धावत आले. आम्हाला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, “ते साइड रिदमला कोण आहे? त्यांचं नाव कार्डवर घालायचं राहिलंय.”

*

त्र्यंबकला एकदा भजनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. आमची गाडी वाटेत बंद पडली, आम्ही मिळेल त्या जीपने पुढे गेलो, आणि भास्करची पेटी गाडीतच राहिली. मंडळाने त्यांची पेटी दिली. मी मघाशी सांगितली ती, चारातली एक. पंधरा वर्षं तेल, उदबत्तीची राख आणि प्रसादाचे हात लागलेली. तिच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. दाबल्या तर नुसती हवा.

भास्करने कार्यक्रमाआधी एकदा सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्या दोन बघून ठेवल्या. मग दोन तास त्या दोन सुरांना वळसा घालून वाजवत राहिला. कुठे अडखळला नाही. मी शेजारी टाळ घेऊन बसलो होतो म्हणून मला कळलं, नाहीतर मलाही कळलं नसतं.

कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे एक वयस्कर गुरुजी आले. गाण्यातले जाणकार होते. म्हणाले, “आज तुम्ही नेहमीचं सोडून काही वेगळंच लावलं होतं. फार गोड. राग कुठला म्हणायचा?”

भास्कर म्हणाला, “गुरुजी, मला नाही माहीत. तुमच्या पेटीने लावला.”

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “आता तरी मान्य कर. हाताचं असतं.”

तो म्हणाला, “कसं मान्य करू? दोन सूर कुठले टाळायचे ते पेटीनेच सांगितलं की.”

त्याच्याशी वाद घालण्यात हाच त्रास होता. जिंकल्यावरही तो दुसऱ्याचाच पक्ष घ्यायचा.

*

शेवटी मी म्हटलं, हे शास्त्रशुद्ध करू. शाळेतली सवय. एका रविवारी मी दुकानाच्या मधोमध चादर बांधली. पलीकडे तीन पेट्या: भास्करची, विजयची स्केल चेंजर, आणि दुरुस्तीला आलेली एक. वाजवणारे तीन: भास्कर, विजय, मी. नऊ चिठ्ठ्या. चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे एकेकाने एकेक पेटी वाजवायची, तीच चार ओळींची चाल. अलीकडे मिस्त्री आणि दौलत, दोघांना छापील तक्ते. पेटी कुठली, हात कुणाचा, शेरा.

तास गेला. तक्ते तपासायला मी लाल पेन आणलं होतं.

मिस्त्रींनी नऊच्या नऊ वेळा पेटी बरोबर ओळखली. हात एकदाही नाही. दौलतने नऊच्या नऊ वेळा हात बरोबर ओळखला. पेटी एकदाही नाही.

म्हणजे निकाल बरोबरीत. पण मिस्त्रींचं मी समजू शकत होतो, आयुष्य गेलं त्यांचं सूर घासण्यात. दौलत ढोलकीवाला, पेटीतलं त्याला काही कळत नाही असं तो स्वतःच सांगतो. मला खरोखर हेवा वाटला. मी विचारलं, “दौलत, हात ओळखलास कसा? नक्की काय ऐकलंस?”

“त्यात काय,” दौलत म्हणाला. “वाजवायच्या आधी तुम्ही खोकता, सर. इजयच्या हातातलं कडं पेटीवर आपटतं. अन् दोन्हीपैकी काहीच झालं नाय, की भास्कर.”

*

हा फार हसण्यासारखा नाही, पण याच माळेतला आहे.

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि मला मुलांच्या समूहगीताला साथ करायची होती. मी भास्करकडे त्याची पेटी मागितली. तो ती कुणाला देत नसे. मला दिली. स्वतः रिक्षात ठेवून, दोरी बांधून दिली.

मी दोन दिवस ती घरी ठेवली. दार लावून वाजवली. खरं सांगायचं तर समूहगीतासाठी एवढी तयारी लागत नाही. मला बघायचं होतं, माझ्या हाताखाली ती थोडी तरी त्याच्यासारखी वाजते का. पहिल्या दिवशी वाटलं, वाजते. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं.

पेटी परत द्यायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, “कशी वाजली?”

“माझ्यासारखी,” मी म्हणालो.

“मग चांगली वाजली असणार,” तो म्हणाला. दुसरा कुणी असता तर ते वाक्य टोमण्यासारखं लागलं असतं. तो खोळ चढवत होता, आणि त्याने वर पाहिलंही नाही.

*

मिस्त्रींनी भास्करच्या पन्नाशीला त्याला भेट द्यायची ठरवली. त्या पेटीचा भाता जुना झाला होता. घड्यांवर दोन ठिकाणी चामड्याची ठिगळं होती, दिसायलाही वाईट. मिस्त्रींनी पेटी साफ करायला म्हणून ठेवून घेतली आणि नवा भाता बसवला. कडक, घट्ट, एक कणभर हवा सुटणार नाही असा. त्यांच्या मते त्यांनी बनवलेला तो सगळ्यात उत्तम भाता.

भास्करने पाहिला, मिस्त्रींच्या पाया पडला, पेटी घेऊन गेला. चौथ्या दिवशी पेटी घेऊन दुकानात हजर.

“मिस्त्री, रागावू नका. जुना भाता परत लावून द्या.”

“का? हवा धरत नाही?”

“हवा छान धरतो. बाहेर एकदम मस्त चालतो. पण घरी चालत नाही.”

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर घेतला. “भाता घरी वेगळा आणि बाहेर वेगळा चालतो का रे?”

“चालतो,” भास्कर म्हणाला.

मिस्त्रींनी जुना भाता बसवून दिला, आणि पुढचा महिनाभर ते भास्करशी फक्त कामापुरतं बोलले. नवा भाता खुंटीला टांगून ठेवला. कुणी नवं गिऱ्हाईक आलं की ते त्याच्याकडे बोट दाखवायचे. “तो बघा. कलावंतांना चांगली वस्तू चालत नाही, त्याचा पुरावा.”

*

आता वहिनींकडचा.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. त्या रविवारी आम्ही दुकानात न जमता नाशिकरोडला गेलो. विजयने गाडी काढली. चौघांनाही माहीत होतं की ही एक प्रकारची परीक्षाच आहे, आणि चौघेही आपल्याला पेटी नको असल्यासारखे बसलो होतो.

घरात खोकी बांधून झाली होती. पेटी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर काढून ठेवलेली. वहिनींनी नियम सांगितला. त्या स्वयंपाकघरात पाठ करून उभ्या राहणार, चहा टाकणार. आम्ही एकामागून एक वाजवायचं. “तोंडं दिसली की माणूस भिडेपोटी बोलतो,” त्या म्हणाल्या.

विजयने वाजवली. कडं त्याने आधीच काढून खिशात ठेवलं होतं. संपल्यावर आतून आवाज आला, “छान.”

मिस्त्रींनी वाजवली. त्यांना तीनच चाली येतात, पण त्या स्वच्छ येतात. “छान.”

मी वाजवली. खोकलो नाही. “छान.”

तिन्ही ‘छान’ अगदी सारखे होते. मीही शिक्षक आहे. वहीत पाहण्यासारखं काही नसलं की आम्ही असाच शेरा देतो.

“तू वाजव,” विजय दौलतला म्हणाला.

“मी कशाला? माझ्या हातात ती हॉर्नसारखी वाजंल.” तरी त्याने एक पट्टी दाबून भाता मारला, आणि ती तशीच वाजली.

मग विजय म्हणाला, “आपण तुलना कशाशी करतोय? आधी मूळ नमुना तरी ऐकू.” त्याने फोन काढला.

तो नमुना काय ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी भास्करने घरी, फोनवरच, एक धून रेकॉर्ड करून आमच्या ग्रुपवर टाकली होती. चार मिनिटांची. त्याने स्वतः बांधलेली. आम्हा सगळ्यांच्या मते त्याच्या पेटीचा आवाज सगळ्यात चांगला पकडला गेला तो तिथे. तिच्यावर आमचे किती रविवार गेले असतील. मिस्त्री म्हणायचे, उन्हाळ्यात सूर मोकळा होतो, त्याचा परिणाम. मी म्हणायचो, खोलीत गोधड्या होत्या, त्यामुळे घुमत नाही. विजयने भास्करला फोन कुठला आहे ते विचारलं आणि तसाच विकत घेतला. उजव्या हाताने ती संथ ओळ, आणि खाली डावा हात तिला उत्तर देत चाललेला. त्या डाव्या हातावर तर मी एकदा अर्धा तास बोललो होतो.

विजयने फोन सतरंजीवर ठेवला. धून सुरू झाली. आम्ही माना खाली घालून ऐकत होतो. अर्ध्यावर आली असेल, तेव्हा दौलत म्हणाला, “एक मिनिट. बंद करा जरा.”

विजयने बंद केली.

“मला पेटीतलं कळत नाय,” दौलत म्हणाला, “म्हणून विचारतो. याचा उजवा हात पट्ट्यांवर हाय. डावा पण पट्ट्यांवरच हाय. मग भाता कोण मारतंय?”

मिस्त्रींनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पंचवीस वर्षं पेटी वाजवतो. त्यांनी साठ वर्षं पेट्या बनवल्या.

“मी,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्या हात पुसत बाहेर आल्या. “सकाळी शाळेला निघायच्या आधी वीस मिनिटं. लग्न झालं तेव्हापासून. रियाजाला त्यांना दोन्ही हात मोकळे लागायचे.”

“भास्कर कधी बोलला नाही,” मी म्हणालो.

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही सगळे त्यातलेच ना.”

त्या पेटीच्या पलीकडे, भात्याच्या बाजूला बसल्या. पदर खोचला. मला म्हणाल्या, “सर, ती धून येते ना तुम्हाला?”

“येते.”

“दोन्ही हात ठेवा.”

मी ठेवले. वहिनींनी भाता उघडला, आणि मी पहिली पट्टी दाबली.

दुसऱ्या ओळीला मिस्त्री उठले, भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला. दौलतची बोटं कुठल्याही गाण्याला मांडीवर चालू असतात. ती चालू नव्हती. विजय फोनकडे बघत होता, जणू तो अजून चालूच आहे.

धून संपली. भाता हळूहळू मिटला. वहिनी म्हणाल्या, “मधल्या ओळीत तुम्ही घाई करता. ते तिथे थांबायचे. पुन्हा घ्या.”

मी पुन्हा घेतली. मग विजय बसला. मग वहिनींनी मिस्त्रींना बसवलं, त्यांना ती धून येत नव्हती तर ओळ ओळ गुणगुणून सांगितली. दौलतने पितळी पातेलं उलटं घालून ठेका धरला. चहा उतू गेला होता, तो कुणी पाहिला नाही.

आम्ही उठलो तेव्हा दीड वाजून गेला होता. पेटी कुणी न्यायची, ते विचारायचं राहूनच गेलं.